तडा कोणत्या वाटेने जातो

पातळ वस्तूतला तडा ही एक रेषा असते. दगडाचा धोंडा फुटला की आत खडबडीत पृष्ठ तयार होते आणि ते पाहायचे तर धोंडा उघडावा लागतो. खिडकीची काच किंवा वर्तमानपत्राचा कागद यांचे तसे नाही. तडा कुठून निघाला, कुठे सरळ गेला, कुठे वळला, कुठे त्याला फाटे फुटले, हा सगळा प्रवास वरूनच वाचता येतो. तड्यांच्या आकाराचा अभ्यास मोठ्या प्रमाणात काच, कागद, पत्रा आणि प्लास्टिकवर वाढला, त्याचे एक साधे कारण हे आहे.

मराठीत काचेला तडा जातो, जमिनीला भेगा पडतात, लाकडाला चीर पडते आणि कागद टरकन फाटतो. वस्तू बदलली की शब्द बदलतो. या सगळ्या घटना एकाच खात्यात जमा व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. तोपर्यंत तड्याची विद्या कारागिरांपाशी होती आणि त्यांचा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांच्या प्रश्नाहून वेगळा होता. काच किती भाराने फुटेल याच्याशी कारागिराला फारसे देणेघेणे नव्हते. ती फोडायचीच होती, पण आखलेल्या रेषेवर.

या विद्येची एक जुनी आणि तपशीलवार लेखी नोंद बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहे. थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका जर्मन संन्याशाने कारागिरीवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला आणि त्यात चर्चच्या रंगीत खिडक्यांसाठी काच कशी तोडायची ते सांगितले. पद्धत अशी: टोकाला जाड असलेली लोखंडी सळई विस्तवात तापवायची आणि तिचे टोक काचेच्या कडेला टेकवायचे. थोड्या वेळात बारीक तडा उमटतो. काच दाद देत नसेल तर त्या जागी बोटाने थुंकी लावायची, ती लगेच तडकते. मग सळई हव्या त्या रेषेवरून ओढत न्यायची, तडा तिच्या मागे चालत येतो. उरलेला खडबडीतपणा आकडीसारख्या लोखंडी हत्याराने कुरतडून काढायचा. जुन्या खिडक्यांमधल्या तुकड्यांच्या कडा दातेरी दिसतात, त्या या कुरतडण्यामुळे.

तडा सळईमागे का येतो? तापलेल्या जागची काच फुगू पाहते, पण भोवतालची थंड काच तिला फुगू देत नाही. गरम ठिपका दाबाखाली येतो आणि त्याच्या आसपासचा भाग ताणाखाली. तडा ताणाच्या प्रदेशात वाढतो आणि दाबाच्या प्रदेशाशी येऊन अडतो. ठिपका पुढे सरकला की ताणही सरकतो आणि तडा तेवढाच पुढे येतो. म्हणजे सळई काचेला कापत नाही, तड्याला वाट दाखवते. थुंकीचे मुख्य काम काच एकदम गार करण्याचे, पण तिच्यातल्या पाण्यालाही स्वतःचे काम असते. काचेतले सिलिकॉन-ऑक्सिजनचे ताणलेले बंध पाण्याच्या रेणूंमुळे लवकर तुटतात. हवेतल्या दमटपणाने तड्याचा वेग किती वाढतो, याची शिस्तशीर मोजणी अमेरिकेत शेल्डन वीडरहॉर्न यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केली.

पुढे तापलेल्या सळईची जागा हिऱ्याने घेतली. मराठीत हिऱ्याच्या बारीक कणाला हिरकणी म्हणतात आणि काच कापायच्या हत्यारालाही तेच नाव पडले. या हत्याराबद्दल एक गैरसमज सर्वत्र होता: हिरा कठीण म्हणून तो काच कापतो. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम हाइड वोलास्टन यांनी १८१६ मध्ये दाखवले की नुसता कठीणपणा पुरेसा नाही. हिऱ्याचे अणकुचीदार टोक काचेवर ओढले तर नुसता ओरखडा उठतो, बाजूला चुरा पडतो आणि काच वेडीवाकडी फुटते. काच कापणाऱ्या हिऱ्याची नैसर्गिक कड किंचित फुगीर असते. ती काच न खरवडता दाबत जाते आणि तिच्याखाली एक उथळ पण स्वच्छ चीर उभी उतरते. पुढचे काम ती चीरच करते, हाताने फक्त हलका बाक द्यायचा. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटचे सॅम्युएल मॉन्स यांनी पोलादी चाकाच्या कटरचे पेटंट घेतले आणि हिरा परवडत नसलेल्या कारागिराच्या हातातही हीच युक्ती आली. काचेच्या दुकानात आजही ती पाहता येते. चाक एकदाच, एका दाबाने, मध्ये न थांबता फिरते. खरखर असा बारीक आवाज येतो, मग काच टेबलाच्या काठावर धरून एक टिचकी दिली की ‘टक्’ करून दोन तुकडे होतात. त्याच रेषेवर चाक पुन्हा फिरवणे शिकाऊपणाचे लक्षण मानतात. दुसऱ्या फेरीत रेषेच्या कडेने कपच्या उडतात आणि तड्याला चुकीच्या वाटा मिळतात.

दुसरा प्रश्न, काच किती भाराने फुटते, याचे उत्तर विमानाच्या कारखान्यातून आले. ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ हे इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात काम करत होते. धातूच्या भागांवर अगदी बारीक ओरखडा असला तरी ते अपेक्षेपेक्षा खूप लवकर तुटत, हे त्यांना खटकत होते. चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये गणिताने दाखवले होते की पत्र्यातल्या लांबट भोकाच्या टोकाशी ताण अनेक पटींनी वाढतो आणि भोक जितके अरुंद तितका जास्त. हे गणित शब्दशः घेतले तर प्रत्येक धारदार ओरखड्याने वस्तू तुटायलाच हवी होती. तसे होत नाही, हेही सगळ्यांना दिसत होते.

ग्रिफिथ यांनी धातूचा नाद सोडून काच घेतली. काच ठिसूळ असते, तुटण्याआधी वाकून-ताणून गोंधळ घालत नाही. त्यांनी काचेच्या पातळ नळ्यांवर आणि फुग्यांवर ठरावीक लांबीच्या चिरा पाडल्या, आतून दाब दिला आणि त्या कधी फुटतात ते मोजले. १९२० मध्ये वाचलेल्या आणि १९२१ मध्ये छापलेल्या निबंधातला त्यांचा युक्तिवाद जमाखर्चाचा होता. तडा वाढला की ताणलेल्या वस्तूत साठलेली ऊर्जा मोकळी होते, ही जमा. नवी पृष्ठे तयार करायला ऊर्जा लागते, हा खर्च. जमा खर्चाहून जास्त झाली की तडा सुटतो. यावरून निघणारा नियम फार सुटसुटीत आहे: चीर चौपट लांब असेल तर काच निम्म्या भाराला फुटते. त्याच निबंधात त्यांनी काचेचे तंतूही ओढून पाहिले. सुमारे एक मिलिमीटर जाडीची कांडी ज्या ताणाला तुटे, त्याच्या जवळजवळ वीसपट ताण काही मायक्रॉन जाडीच्या ताज्या तंतूने सहन केला. तंतू बारीक, तशा त्यातल्या चिराही लहान, हे त्यांचे स्पष्टीकरण. फायबरग्लासमागचे तत्त्व इथे स्पष्ट मांडलेले दिसते.

या निबंधाकडे अभियंत्यांनी पुष्कळ काळ लक्ष दिले नाही. काचेचा नियम पोलादाला कशाला लावायचा, असा एकूण सूर होता. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेच्या पोर्टलंड बंदरात ‘स्केनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभे असताना जवळजवळ दुभंगले. युद्धकाळात घाईने वेल्डिंग करून बांधलेल्या इतरही अनेक जहाजांना असेच तडे गेले. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत जॉर्ज अर्विन यांनी त्यानंतरच्या दशकात ग्रिफिथ यांचा हिशेब धातूंसाठी बसवला. पृष्ठ तयार करण्याच्या खर्चात धातू ताणला जाण्याचा खर्च मिळवावा लागतो, आणि तो किती तरी मोठा असतो. १९५४ मध्ये दोन कॉमेट प्रवासी विमाने भूमध्य समुद्रावर हवेत फुटली. फार्नबरोलाच तशाच दुसऱ्या एका विमानाचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून आतला दाब हजारो वेळा वाढवला-उतरवला गेला, तेव्हा एक मिलिमीटरहून पातळ पत्र्यातले थकव्याचे तडे समोर आले. तडा कधी सुटतो हे शास्त्र यानंतर अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम झाले.

मात्र या सगळ्या शास्त्रात तडा सरळ आहे असे धरून चाललेले असे. खऱ्या तड्याचे वळसे आणि दाते यांना कोणी वाऱ्यालाही उभे करत नव्हते.

अपवाद जपानचा. टोकियोत भौतिकशास्त्रज्ञ आणि निबंधकार तोराहिको तेरादा यांच्याभोवती एक गट जमला होता. ठिणग्या, कोम्पेइतो नावाच्या साखरगोळीवर फुटणारी शिंगे, तडे असे ‘क्षुल्लक’ विषय त्यांनी गंभीरपणे घेतले. तेरादांचे शिष्य मोरिझो हिराता यांनी १९३१ मध्ये काचेच्या पट्ट्यांतल्या तड्यांच्या आकारावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. तापवलेली काच पाण्यात बुडवली की तडा कधी सरळ, कधी नागमोडी, तर कधी फाटे फुटत जातो, हे त्यांनी नोंदले. दोन वर्षांनी त्यांनी जिराफाच्या अंगावरचे ठिपके सुकलेल्या चिखलाच्या भेगांसारखे का दिसतात यावर एक लेख लिहिला आणि जीवशास्त्रज्ञांचा रोष ओढवून घेतला. जिराफाचे राहू द्या, काचेच्या प्रयोगांना पुढचे वाचक मिळायला मात्र साठ वर्षे लागली.

मधल्या काळात खडबडीतपणा मोजायची भाषा तयार झाली. १९८४ मध्ये बेनुआ मँडेलब्रो, डॅन पासोजा आणि अल्विन पॉले यांनी तुटलेल्या पोलादाच्या पृष्ठावर निकेलचा थर चढवला आणि ते हळूहळू घासत नेले. पोलादाच्या उंचवट्यांची ‘बेटे’ दिसू लागली. त्यांच्या किनाऱ्यांची मोजदाद करून त्यांनी पृष्ठ फ्रॅक्टल, म्हणजे लहानमोठ्या मापांवर सारखेच खडबडीत, असल्याचे जाहीर केले. पोलादाचा चिवटपणा आणि फ्रॅक्टलचा आकडा यांत संबंध आहे, असाही त्यांचा दावा होता. तो टिकला नाही. १९९० मध्ये फ्रान्समध्ये एलिझाबेथ बुशो आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू वेगवेगळ्या प्रकारे तापवून-गार करून तोडला. चिवटपणा बदलला, पण खडबडीतपणाचा घातांक सुमारे ०.८ वरच राहिला. आकडा वस्तूबद्दल फार बोलत नाही आणि तुटण्याच्या प्रक्रियेबद्दल बोलतो, ही शंका तेव्हापासून पक्की होत गेली. ती आजही पूर्णपणे मिटलेली नाही.

हा घातांक समजायला कागद सर्वांत सोयीचा. यानोश केर्तेस आणि दोन सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये फाटलेल्या कागदाच्या कडा मोजल्या आणि घातांक ०.६३ ते ०.७२ च्या दरम्यान असल्याचे सांगितले. त्याचा अर्थ असा: कडेचा एक सेंटिमीटरचा तुकडा घ्या आणि ती सरळ रेषेपासून किती भरकटते ते पाहा. मग शंभरपट लांब, म्हणजे एक मीटरचा तुकडा घ्या. भरकटणे शंभरपट वाढले तर कड नुसती तिरकी गेली आहे. प्रत्येक पाऊल नाणे उडवून टाकले असते तर ते दसपट वाढले असते. कागदात ते सुमारे वीसपट वाढते. म्हणजे कड आंधळेपणाने झोकांड्या खात जात नाही, एका बाजूला झुकली की काही काळ तिकडेच झुकलेली राहते. तिला थोडी आठवण असते म्हणा ना.

ही आठवण कागदाच्या धाग्यांतून येते. लाकडाच्या लगद्यातला एक धागा साधारण एक ते तीन मिलिमीटर लांब असतो आणि कागदात असे असंख्य धागे आडवेतिडवे चिकटलेले असतात. कुठे दाटी, कुठे विरळ. तडा विरळ जागा शोधतो, पण ताण त्याला सरळ पुढे ओढत असतो, आणि कड या दोहोंच्या ओढाताणीतून निघते. कागद यंत्रावर वेगाने पुढे सरकताना तयार होतो, त्यामुळे बरेच धागे यंत्राच्या दिशेला वळलेले असतात. चणेवाला वर्तमानपत्राचा कागद उभा फाडतो तेव्हा तो बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो आणि कडेला धाग्यांची लव दिसते. संगणकावर अशा वस्तूचे सोपे रूप म्हणून विजेच्या फ्यूजांची जाळी घेतात. प्रत्येक फ्यूज थोडा कमी-जास्त मजबूत ठेवायचा, करंट वाढवत न्यायचा आणि कोणते फ्यूज जळून रेषा बनते ते पाहायचे. ॲलेक्स हॅन्सन आणि सहकाऱ्यांना १९९१ मध्ये अशा सपाट जाळीत सुमारे ०.७ हा घातांक मिळाला. कागदाच्या तो चांगलाच जवळ आहे.

पण काचेत धागे नाहीत. तिच्यात दाटी-विरळही जवळजवळ नसते. मग काचेचा तडा वाकडा का होतो? याचे उत्तर १९९३ मध्येच जपानमधून आले. अकिफुमी युसे आणि मासाकी सानो यांनी पातळ काचेची पट्टी भट्टीत तापवली, तिच्या खालच्या कडेला एक चीर पाडली आणि पट्टी ठरावीक वेगाने थंड पाण्यात सोडत नेली. पाण्याजवळ गार झालेली काच आखडते, वरची गरम काच आखडत नाही, आणि मधल्या पट्ट्यात ताण निर्माण होतो. तड्याचे टोक पाण्याच्या पातळीजवळच राहते. त्यामुळे तड्याचा वेग म्हणजे पट्टी बुडवण्याचा वेग, आणि तो प्रयोग करणाऱ्याच्या हातात. वेग कमी असताना तडा मोजपट्टी ठेवल्यासारखा सरळ गेला. एका ठरावीक मर्यादेपलीकडे तो एकाएकी नागमोडी झाला, आणि नागमोड इतकी नियमित की हाताने काढलेली वाटावी. आणखी वेगाने ती बिघडली, फाटे फुटले आणि जाळे झाले.

१९७४ मध्ये सोव्हिएत संघातल्या गोल्डस्टाइन आणि सालगानिक यांनी एक नियम सुचवला होता: तडा अशा दिशेने जातो की त्याचे दोन काठ एकमेकांपासून सरळ उघडावेत, एकमेकांवर घसरू नयेत. युसे-सानो यांच्या पट्टीला तो छान लागू पडला. तडा मध्यरेषेपासून जरा बाजूला गेला की ताण त्याला परत बोलावतो. वेग कमी असताना तो परत येऊन गप्प बसतो. वेग जास्त असला की परत येताना मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातो, तिथून पुन्हा बोलावणे येते, आणि झोका सुरू होतो. पुढच्या दोन वर्षांत मायकेल मार्डर, आणि मोख्तार अदा-बेदिया व इव्ह पोमो यांनी या झोक्याचे गणित मांडले. या वाकडेपणाला काचेतला कोणताही दोष जबाबदार नसतो. तो तड्याच्या चालीतूनच येतो. कागद आणि काच यांत हा मूळ फरक आहे आणि तो लक्षात न घेता सगळ्या खडबडीतपणाला एकच घातांक शोधण्याच्या मागे बरीच वर्षे गेली, असे म्हणायला हरकत नाही.

अतिवेगवान तड्याचा खडबडीतपणा आणखी वेगळा. दगड लागून फुटलेल्या काचेत तडा सेकंदाला सुमारे १५०० मीटरने धावतो. जर्मनीत हुबर्ट शार्डिन यांनी १९३० च्या दशकातच जलदगती छायाचित्रांनी असे वेग मोजले होते. अशा तड्याची कड भिंगाखाली पाहिली तर सुरुवात आरशासारखी गुळगुळीत, मग धुरकट पट्टा, मग खरबडीत कंगोरे, असा क्रम दिसतो. १९९१ मध्ये टेक्सासमध्ये जय फाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ॲक्रिलिकच्या पट्ट्यांवर पाहिले की वस्तूच्या पृष्ठावरील ध्वनिलहरीच्या वेगाचा सुमारे एक तृतीयांश भाग ओलांडला की तड्याचा वेग थरथरू लागतो आणि पृष्ठ खरबडीत होते. मुख्य तडा सतत बारीक फाटे फोडत असतो आणि ते लगेच मरून जातात. दगडाच्या घावाने काचेत सूर्यासारखे किरण उमटतात, त्यांची संख्या घावाच्या वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असे मार्सेच्या एका गटाने २०१३ मध्ये दाखवले. दगड चौपट वेगाने आला तर किरण साधारण दुप्पट.

पातळपणाचा आणखी एक परिणाम जाड वस्तूत दिसत नाही: पातळ पत्रा वाकू शकतो. कचऱ्याची काळी पिशवी हाताने हळूहळू फाडली तर कड सपाट राहत नाही, झालरीसारखी होते, आणि तिच्या मोठ्या लाटेवर लहान लाटा, लहानांवर आणखी लहान अशी उतरंड दिसते. फाडताना कडेजवळचे प्लास्टिक कायमचे ताणले जाते. कड लांब झालेली, आतला भाग तेवढाच राहिलेला, मग जास्तीची लांबी चुण्यांत मावते. एरन शॅरन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याचा हिशेब लावला आणि पानांच्या कुरळ्या कडांशीही त्याचा संबंध जोडला. चिकटपट्टीचे टोक रिळावरून ओढताना पट्टी निमुळती होत टोकदार तुकडा हातात येतो, हाही त्याच घराण्यातला प्रकार. दुमडलेल्या घडीत साठलेली ऊर्जा पट्टीच्या दोन बाजूंच्या तड्यांना आत ढकलते. भिंतीचा कागद सोलताना हाच त्रिकोण निघतो. त्याच्या कोनावरून डिंकाची पकड मोजता येते, असे २००८ मध्ये चिली, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले.

काच तोडण्याच्या धंद्यात मात्र तापलेली सळई वेगळ्या रूपात परत आली. १९६९ मध्ये अमेरिकेत लमली यांनी लेसरच्या उष्णतेने ठिसूळ पातळ पट्ट्या तोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९९० च्या दशकात रशियातल्या कोंद्रातेंको यांच्या पद्धतीत लेसरच्या ठिपक्यामागोमाग गार फवारा सोडला जाऊ लागला. सपाट पडद्यांची काच या तऱ्हेने तोडली तर चुरा पडत नाही आणि कड आरशासारखी येते. ठिपका तापवतो, फवारा गार करतो आणि तडा दोघांच्या मागे चालतो. ठिपक्याचा वेग मात्र सांभाळावा लागतो, नाहीतर युसे-सानो यांच्या पट्टीसारखी कड नागमोडी निघण्याची भीती असते.